वरची झांज खाली लावून पाहा

वाचकाचे पत्र:

“सप्रेम नमस्कार. मी चार वर्षांपासून ड्रमसेट वाजवतो. आमच्या पाच जणांच्या बँडमध्ये बहुतेक गाणी मध्यम लयीची आणि शांत असतात. कार्यक्रमाच्या शेवटी मात्र दोन-तीन जोरकस रॉक गाणी होतात. माझ्या हाय-हॅटच्या (पायाच्या पेडलने एकमेकींवर आपटणाऱ्या दोन झांजांच्या) १४ इंची हलक्या जोडीतील खालच्या झांजेला काठापासून आत दोन बोटे तडा गेला आहे. वरची झांज धडधाकट आहे, तिचे वजन ८९० ग्रॅम भरते आणि तिचा आवाज मला अतिशय आवडतो. माझ्याकडे दुसऱ्या कंपनीची १४ इंचीच, पण जाड जोडी आहे. त्यातली वरची १,२१० आणि खालची १,४९० ग्रॅमची आहे. ही जोडी कर्कश वाटते म्हणून पडून होती. माझी हलकी वरची झांज आणि जाड जोडीतली खालची अशी जुळणी करून पाहिली, तर पायाचा आवाज खणखणीत येतो, पण हाय-हॅट अर्धवट उघडा ठेवून वाजवला की दोन वेगळी वाद्ये वाजल्यासारखे वाटते, आणि मधूनच पायाचा आवाज एकदम बसका होतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या झांजा एकत्र लावूच नयेत, असे एका मित्राचे म्हणणे आहे. दुसरा म्हणतो, वर १६ इंची क्रॅश, म्हणजे जोराच्या फटक्याची मोठी झांज, लाव. मी नवी पूर्ण जोडी घ्यावी का?”

सप्रेम नमस्कार.

तुम्ही वजने लिहून पाठवलीत, हे फार चांगले केलेत. हाय-हॅटविषयी येणाऱ्या पत्रांत आवाजाची वर्णने पुष्कळ असतात, पण झांज काट्यावर ठेवून पाहण्याचे कष्ट क्वचितच कोणी घेते. तुमच्या तीन आकड्यांमुळे मला उत्तर ठामपणे देता येते. नवी जोडी तूर्तास घेऊ नका. जाड जोडीतली १,२१० ग्रॅमची वरची झांज खाली लावा आणि तिच्यावर तुमची आवडती ८९० ग्रॅमची झांज ठेवा. तुम्ही तीन झांजांतून दोन जुळण्या वाजवून पाहिल्या आणि तिसरी, जी मला सर्वांत आशादायक वाटते, ती राहून गेली, कारण त्या झांजेवर कारखान्याने ‘टॉप’ असा शिक्का मारलेला आहे.

हा शिक्का ती झांज मूळ जोडीत कोणत्या जागी होती एवढेच सांगतो. साध्या हाय-हॅटच्या वरच्या आणि खालच्या झांजेत मुख्य फरक वजनाचा असतो. व्यास तोच, मधला घुमट आणि फुगवटा साधारण सारखाच, फक्त खालची जाड. जिच्या काठाला नागमोडी वळण दिले आहे किंवा जिला हवा जाण्यासाठी भोके पाडली आहेत, अशी खास खालच्या जागेसाठी घडवलेली झांज सोडली, तर बाकी कोणतीही झांज वर किंवा खाली लावता येते. तुमच्या जाड जोडीतली वरची झांज हलक्या जोडीच्या दृष्टीने पाहिली तर चांगली भरदार खालची झांज आहे. तुमच्या तडकलेल्या झांजेचे वजन तुम्ही कळवलेले नाही, पण तीही १,१०० ग्रॅमच्या आसपास भरेल, असा माझा अंदाज आहे. काट्यावर ठेवून खात्री करा.

आता कारण सांगतो, म्हणजे पुढे कधी जोडी जमवायची वेळ आली तर तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही. व्यास आणि आकार तेच ठेवून झांज जाड केली, की तिचा स्वर चढतो. पातळ केली, की उतरतो. जाड झांजेला जागी व्हायला जास्त जोर लागतो, पण एकदा वाजली की तिचा आवाज धारदार असतो आणि दूरवर पोहोचतो. पातळ झांज हलक्या स्पर्शालाही लगेच उमलते आणि तिचा आवाज अधिक काळा, म्हणजे कमी उजळ, आणि पसरट असतो. हाय-हॅटमध्ये हे दोन स्वभाव एकमेकांशी बांधलेले असतात. वरची झांज काठीला उत्तर देते, म्हणून तिने चपळ असावे. खालची झांज पायाला उत्तर देते. वरची येऊन तिच्यावर आदळते तेव्हा ती डगमगू नये, म्हणून तिने जड असावे. पाय दाबल्यावर येणारा तो आखूड ‘चिक्’ किती स्वच्छ आहे, हे मुख्यतः खालच्या झांजेच्या वजनावर आणि दोन्ही काठ कसे भेटतात यावर ठरते.

मग सर्वांत जड झांज खाली घातली की काम झाले, असे का होत नाही? त्याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे. ८९० ग्रॅमवर १,४९० ग्रॅम ही जुळणी बंद हाय-हॅटवर आणि पायाच्या ठोक्यावर उत्तम वाजते, कारण बंद स्थितीत दोन्ही झांजा एकमेकींचा आवाज दाबून टाकतात. हाय-हॅट अर्धवट उघडला की दोन्ही झांजा थोड्या थोड्या मोकळ्या होतात, काठ एकमेकांवर घासू लागतात आणि तेव्हा दोघींचे स्वर एकाच वेळी ऐकू येतात. हे स्वर फार दूर असतील तर मिश्रण होत नाही. वरची उतरत्या स्वरात सरसरत राहते आणि खालची तिच्याहून बऱ्याच चढ्या स्वरात टणत्कार करते. तुम्हाला दोन वाद्यांचा भास होतो तो याचमुळे; त्यात तुमच्या कानांचा दोष नाही, उलट कान तयार असल्याचे ते लक्षण आहे. खालची झांज वरचीच्या साधारण सव्वा ते दीडपट जड असली, म्हणजे वरची ९०० ग्रॅमची तर खालची अकराशे-साडेतेराशेच्या मध्ये, तर बहुधा बंद, अर्धवट उघडा आणि पायाचा असे तिन्ही आवाज एकाच घरातले वाटतात. हा नियम कोणी घालून दिलेला नाही. अनेक जोड्या वाजवून आणि तोलून माझ्या हाती लागलेला हा अंदाज आहे, आणि त्याला अपवाद सापडतात. तुमच्या नव्या जुळणीत खालची वरचीच्या सुमारे १.३६ पट भरते, म्हणून मी तिच्याविषयी इतका आशावादी आहे.

निरनिराळ्या कंपन्यांच्या झांजा एकत्र लावू नयेत, हे मत मला मान्य नाही. झिल्जियन या कंपनीनेच वर ‘के’ मालिकेची आणि खाली ‘झेड’ मालिकेची झांज अशी ‘के-झेड’ नावाची जोडी विकली होती. वरची काळसर, गुंतागुंतीच्या आवाजाची आणि खालची जाड, सडेतोड. त्याच कंपनीची ‘न्यू बीट’ ही जोडी १९६०च्या दशकात आली. मध्यम वजनाची वरची आणि जड खालची ही तिची रचना आजच्या बहुतेक सर्व १४ इंची जोड्यांना नमुन्यासारखी आहे. म्हणजे जोडीतल्या दोघींनी वेगळे असावे, हेच मुळात हाय-हॅटचे सूत्र आहे; तो वेगळेपणा एका कारखान्यातून आला की दोन कारखान्यांतून, हे झांजेला कळत नाही. कंपनी बदलल्याने खरी अडचण येऊ शकते ती दोन ठिकाणी, काठाच्या मापात आणि फुगवट्याच्या उतारात. त्याकडे थोड्या वेळाने येतो.

त्याआधी एक गोष्ट आवर्जून सांगाविशी वाटते. हाय-हॅट हे वाद्य पायासाठी जन्मले. १९२०च्या दशकात त्याचे पूर्वज जमिनीपासून जेमतेम फूटभर उंच असत, त्यांवर काठी चालवण्याचा प्रश्नच नव्हता, आणि पायाने दोन छोट्या झांजा एकमेकींवर आपटणे एवढेच त्यांचे काम होते. त्या दशकाच्या उत्तरार्धात दांडा उंच झाला आणि झांजा हाताच्या टप्प्यात आल्या. पुढे १९३०च्या दशकात काउंट बेसी यांच्या जॅझ वाद्यवृंदातील ड्रमवादक जो जोन्स यांनी लयीचा मुख्य धागा हाय-हॅटवर आणून ठेवला. उघड-मीट करत वाहणारी त्यांची लय ऐकली की हात आणि पाय एकच वाक्य बोलत आहेत असे वाटते. आज आपण दुकानात जोडी पाहताना आधी काठी मारतो. मी मात्र पायापासून सुरुवात करा असे सांगेन, कारण काठीचा आवाज कोणतीही चांगली झांज देते. पायाचा आवाज फक्त जमलेली जोडी देते.

आता तुमची दुसरी तक्रार, मधूनच पायाचा आवाज बसका होतो ही. ‘मधूनच’ हा तुमचा शब्द महत्त्वाचा आहे. झांजा चुकीच्या असत्या तर आवाज नेहमीच वाईट आला असता. कधी चांगला आणि कधी मेलेला येत असेल, तर बहुतेक वेळा हवा कोंडते आहे. दोन झांजांचे काठ सगळीकडून एकाच क्षणी टेकले, की मधल्या हवेला बाहेर पडायला वाट उरत नाही. झांजा हवेच्या गादीवर आपटतात आणि ‘चिक्’ऐवजी ‘फुस्’ असा आवाज येतो. मी स्वतः एकदा एका नव्या जोडीला महिनाभर बोल लावला होता. ती परत करायची असे ठरवून स्टँडवरून उतरवताना खालच्या झांजेच्या बैठकीजवळचा छोटा स्क्रू हाताला लागला, तो पूर्ण मागे फिरवलेला होता आणि बैठक अगदी समतल होती. स्क्रू दोन फेरे आत फिरवला, खालची झांज एका बाजूने केसभर उचलली गेली, आणि पाय दाबल्याबरोबर खोलीत सुपारी फुटावी तसा आवाज आला. त्या झांजा मी पुढे अनेक वर्षे वाजवल्या.

तुमच्या स्टँडलाही खालच्या झांजेच्या बैठकीखाली तो स्क्रू असेल. तो थोडा थोडा फिरवत पाय दाबून पाहा आणि जिथे आवाज मोकळा होईल तिथे थांबा. काही मिलिमीटरचा कल पुरतो. कल फार झाला तर काठ एका बाजूला आधी आणि दुसऱ्या बाजूला उशिरा भेटतात, आणि ‘चिक्’ पसरून ‘चिश्श’ होतो. कंपन्यांनी यावर घडणीतूनही उपाय शोधले आहेत. पाइस्टे या कंपनीच्या ‘साउंड एज’मध्ये खालच्या झांजेचा काठ लाटांसारखा वळवलेला असतो, तर झिल्जियनच्या ‘क्विक बीट’मध्ये खालची झांज सपाट असून तिला हवेसाठी भोके असतात. या जोड्यांचा पायाचा आवाज हमखास आणि धारदार असतो. तुमच्या शांत गाण्यांना तो थोडा जास्तच टोकदार वाटेल, असे मला वाटते.

स्टँडकडे लक्ष गेलेच आहे, तर क्लच, म्हणजे वरची झांज दांड्याला पकडून ठेवणारा भाग, तोही तपासा. वरच्या झांजेला वर-खाली नमद्याच्या चकत्या असतात आणि खालून एक नट असतो. हा नट वाजवता वाजवता सैल होतो, किंवा सैल होतो म्हणून आपण तो इतका आवळतो की झांजेचा श्वास कोंडतो. झांज हाताने हलवली असता जराशी डुलली पाहिजे. क्लच बांधताना पाय पेडलवर मोकळा ठेवून दोन काठांमध्ये दीड-दोन बोटांचे अंतर सोडा. जास्त अंतर ठेवले तर पायाला लांबचा प्रवास होतो आणि जलद लयीत ‘चिक्’ उशिरा पोहोचतो. पेडलच्या स्प्रिंगचा ताणही वरच्या झांजेच्या वजनाप्रमाणे बदलतो. तुम्ही १,२१० ग्रॅमची झांज उचलण्यासाठी स्प्रिंग घट्ट केली असेल, तर ८९० ग्रॅमसाठी ती थोडी सैल करा.

यानंतर काठांची भेट. निरनिराळ्या कंपन्यांच्या झांजा जमवताना याच कामाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. दोन्ही झांजा स्टँडवरून काढा, खालची उताणी धरून तिच्यावर वरची पालथी टेकवा, आणि डोळ्यांच्या रेषेत आणून दिव्यासमोर गोल फिरवत पाहा. कारखान्यात १४ इंच म्हणून निघालेल्या दोन झांजांच्या व्यासात मिलिमीटरभराचा फरक असू शकतो, तेवढा चालतो. पाव इंचाचा फरक मात्र चालत नाही, कारण मग काठ काठाला न भेटता दुसऱ्या झांजेच्या अंगावर बसतो. हातोडीने घडवलेली कोणतीही झांज अगदी सपाट नसते, तिच्या काठाला बारीक चढउतार असतात. म्हणून वरची झांज हातात धरून थोडी थोडी फिरवा आणि दर वेळी पुन्हा टेकवून पाहा. एखाद्या ठिकाणी फट दिसेल, आणखी थोडे फिरवल्यावर ती मिटेल. जिथे दोन्ही काठ सर्वांत जास्त लांबीभर भेटतात, तिथे दोन्ही झांजांच्या घुमटांवर पेन्सिलीने एकेक खूण करा आणि स्टँडवर लावताना त्या खुणा समोरासमोर आणा. नटाखाली झांज कालांतराने फिरते, म्हणून कार्यक्रमाआधी खुणांवर नजर टाकायची सवय ठेवा. वीस मिनिटांचे हे काम आहे, आणि त्याने जोडी कधी कधी अशी बदलते की ती तीच आहे यावर विश्वास बसत नाही.

१६ इंची क्रॅशचा सल्ला मात्र बाजूला ठेवा. दोन पातळ १६ इंची क्रॅश झांजांची जोडी करून वाजवणारे वादक आहेत आणि तो खोल, सळसळता आवाज मलाही आवडतो, पण तिथे दोन्ही झांजा १६ इंची असतात. १४वर १६ ठेवली तर वरचीचा काठ हवेत लोंबकळत राहतो आणि पायाचा आवाज जवळपास नाहीसा होतो. तुम्हाला मोठ्या झांजांची ओढ असेल तर १५ इंची जोडी हा मधला मार्ग आहे. लेड झेपेलिन बँडचे ड्रमवादक जॉन बॉनम यांची १५ इंची ‘साउंड एज’ जोडी प्रसिद्ध आहे. मोठी झांज स्वर खाली नेते आणि अर्धवट उघड्या हाय-हॅटला भरीवपणा देते; त्या बदल्यात ती पायाला जरा सावकाश उत्तर देते. उलट १३ इंची जोडी चटपटीत असते आणि स्वर चढा असतो. तुमच्या कामाला १४ योग्य आहे.

धातूविषयी थोडक्यात. चांगल्या झांजा काशाच्या, म्हणजे तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाच्या असतात. सुमारे २० टक्के कथील असलेल्या काशाला बी-२० म्हणतात, ८ टक्के असलेल्याला बी-८. पहिल्याचा आवाज रुंद आणि थरांचा, दुसऱ्याचा अधिक उजळ आणि एकाग्र. बी-२०वर बी-८ किंवा बी-८वर बी-२० लावायला काहीही हरकत नाही. तुमची जाड जोडी तुम्हाला कर्कश वाटते त्यामागे धातूपेक्षा वजनाचा हात अधिक असावा. फक्त नवशिक्यांच्या सेटबरोबर येणाऱ्या पितळी झांजा या मिश्रणात आणू नका. त्या खाली लावल्या तर पायाचा आवाज बोथट होतो.

शेवटच्या रॉक गाण्यांचे काय, असा प्रश्न तुमच्या मनात असेल. कार्यक्रमाच्या मध्ये झांजा बदलू नका. तीच जोडी ठेवा, पाय किंचित सैल करा आणि काठीचे टोक वापरण्याऐवजी तिचा खांदा (टोकामागचा निमुळता भाग) वरच्या झांजेच्या काठावर उतरवा. पातळ झांज अशा फटक्याला मोठ्याने आणि लगेच उघडते, आणि खालच्या १,२१० ग्रॅमांमुळे तिला आधारही मिळतो. जड झांजांची जोडी जोरकस गाण्यांसाठी लागतेच, असे मानणारे पुष्कळ आहेत. मी त्यांच्याशी सहमत नाही, कारण ध्वनिक्षेपक लावलेल्या मंचावर जड हाय-हॅट शेजारच्या स्नेअर ड्रमच्या माइकमध्ये इतका शिरतो की पुढे तो आवरणे अवघड होते. कुठेही ध्वनिक्षेपण नसलेल्या मोकळ्या जागेत वाजवायचे असेल, तेव्हा तुमची १,२१० आणि १,४९०ची मूळ जोडी बाहेर काढा; ती तशाच प्रसंगासाठी घडवलेली आहे.

नवी जुळणी लावल्यावर पहिल्या दिवशी निर्णय देऊ नका. दोन-तीन तालमी वाजवा, त्यांतल्या एका तालमीत दुसऱ्या कोणाला तरी तुमच्या जागी बसवा आणि स्वतः दहा-बारा पावले दूर उभे राहून ऐका. ड्रमच्या खुर्चीवर जो हाय-हॅट तिखट वाटतो, तो गायकाच्या जागेवरून बहुधा नेमका वाटतो. तरीही खालची झांज जड वाटली, तर पूर्ण जोडी न घेता एकच १४ इंची खालची झांज शोधा, साधारण १,०५० ते १,१५० ग्रॅमची. विक्रेते सहसा जोडी फोडायला तयार नसतात, म्हणून वापरलेल्या झांजांकडेच वळावे लागेल. जाताना तुमची वरची झांज आणि तुमचा क्लच बरोबर घ्या. काठी नंतर काढा. आधी स्टँडवर जोडी लावून नुसत्या पायाने, सावकाश आणि मग जलद, वीस-पंचवीस ठोके वाजवा. त्यानंतर पाय आपटून लगेच सोडा आणि उघडणारा तो फवारा ऐका. त्यात एकच स्वर उमलला पाहिजे. वापरलेल्या झांजेच्या काठावरून अंगठ्याचे नख सावकाश फिरवा, ते कुठे अडकले तर तिथे तड्याची सुरुवात असू शकते. मधले भोक एका बाजूने ओढल्यासारखे लांबट झाले असेल, तर त्या झांजेने सैल चकत्यांवर बरेच दिवस काढले आहेत असे समजा आणि भाव करण्याआधीच परत ठेवा.

तुमची तडकलेली झांज हाय-हॅटवर पुन्हा लावू नका. तड्याच्या टोकाशी भोक पाडून तो थोपवण्याची रीत आहे, पण खालच्या झांजेवर दर ठोक्याला वरची आदळत असते, त्यामुळे तिथे तो उपाय फार दिवस टिकत नाही, आणि तड्याची धार वरच्या निरोगी झांजेचा काठ खाते. तिच्यावर एखादी छोटी झांज घट्ट बसवून वेगळ्या स्टँडवर ठेवलीत, तर तिच्यातून आखूड, करकरीत असा एक उपयोगी आवाज निघेल. तुमच्या मध्यम लयीच्या गाण्यांत तो कडव्याच्या शेवटी चांगला शोभेल.